एक हेक्टर जंगलातला कार्बन: प्लॉट आखणीपासून आकड्यापर्यंतच्या कामाच्या नोंदी

काम असं आहे: उष्णकटिबंधीय सदाहरित जंगलात १०० × १०० मीटरचा कायमचा प्लॉट आखायचा, त्यातलं १० सेंटीमीटर आणि त्याहून जाड प्रत्येक झाड मोजायचं, आणि एकही झाड न तोडता हेक्टरी किती टन कार्बन उभा आहे ते काढायचं. गणित एका ओळीचं आहे: व्यास, उंची आणि लाकडाची घनता यांवरून झाडाचं कोरडं वजन, म्हणजे जैवभार, काढायचं (सूत्र १२ फेब्रुवारीच्या नोंदीत). वेळ जातो तो मोजणीत, आणि आकडा बिघडतो तोही तिथेच. हेच काम करणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून कुठे काय अडलं आणि कसं सुटलं ते क्रमाने लिहिलं आहे.

४ जानेवारी. जागा आणि साहित्य

प्लॉटची जागा जंगलात फिरून ठरवू नये. फिरताना पाय आपोआप मोठमोठ्या झाडांकडे वळतात, वाऱ्याने झाडं पडून झालेली मोकळी जागा किंवा बांबूचं बेट टाळलं जातं, आणि आकडा पहिल्याच दिवशी फुगतो. नकाशावर जंगलाची हद्द घ्यावी, संगणकाकडून यादृच्छिक अक्षांश-रेखांश काढून घ्यावेत, आणि मग तिथे जावं. बिंदू ओढ्यात किंवा कड्यावर पडला तर काय करायचं याचा नियमही आधीच लिहून ठेवावा. आमचा नियम: ठरलेल्या दिशेला ५० मीटर सरकायचं, आणि सरकल्याची नोंद ठेवायची.

साहित्य: व्यास थेट दाखवणारी फायबरग्लासची पट्टी २ नग, ५० मीटरची टेप २, होकायंत्र, क्लायनोमीटर, लेझर रेंजफाइंडर, ॲल्युमिनियमचे क्रमांकित बिल्ले आणि ॲल्युमिनियमचेच खिळे, १.३० मीटरवर खूण केलेली काठी, पिवळा ऑइलपेंट, ब्रश, कोपऱ्यांसाठी पीव्हीसीचे पाइप, ॲल्युमिनियमची घडीची शिडी, पेन्सिली आणि जलरोधक कागद. खिळे लोखंडी नकोत. ते गंजतात, बुंध्याला इजा होते, आणि होकायंत्राची सुईही हलते.

माणसं चार किंवा पाच लागतात: एक पट्टीवर, एक लिहायला, एक बिल्ले आणि रंगाला, एक झाडं ओळखणारा. तुकडी नवीन असेल तर घनदाट जंगलात एका हेक्टरला आठवडा धरावा. या कामाचा खरा खर्च माणसांच्या वेळेचा आहे, उपकरणांचा त्या मानाने कमी.

८ जानेवारी. आखणी आणि उतार

हेक्टर २० × २० मीटरच्या २५ चौकटींत वाटला. पहिली रांग आखून झाल्यावर कर्ण तपासला. तो २८.२८ मीटर यायला हवा होता, आला २६ च्या आसपास. कारण उतार. टेप जमिनीला समांतर धरली गेली होती, आणि क्षेत्रफळ मोजायचं असतं आडव्या प्रक्षेपणावर. २० अंशांच्या उतारावर आडवे २० मीटर हवे असतील तर टेपवर २१.२८ मीटर लागतात, ३० अंशांवर २३.०९. उताराच्या दिशेने ही दुरुस्ती केली नाही तर २० अंशांवर क्षेत्रफळ ६ टक्के कमी भरतं, तरीही कागदावर ते पूर्ण हेक्टर म्हणूनच राहतं. त्यात बसलेली झाडं मात्र कमी असतात.

रांग पुन्हा आखली, अर्धा दिवस गेला. आता प्रत्येक २० मीटरला क्लायनोमीटरने उतार वाचतो, दुरुस्त अंतराचा तक्ता लिहिणाऱ्याच्या फळीला चिकटवला आहे, आणि चौकट पूर्ण झाली की दोन्ही कर्ण मोजतो. होकायंत्र बघताना कोयता कमरेला नसावा. दोन-तीन अंशांची चूक १०० मीटरवर चार-पाच मीटर होते.

हद्दीवरच्या झाडांचा नियम: बुंध्याच्या तळाचा अर्ध्याहून जास्त भाग आत असेल तर झाड आत. वर खोड कुठे झुकलं आहे ते बघायचं नाही.

कोपऱ्यांवर जीपीएसचं वाचन एकदा घेऊन पुढे जाऊ नका. गर्द छताखाली हातातल्या यंत्राचं वाचन सहज पाच-दहा मीटर सरकतं. प्रत्येक कोपऱ्यावर निदान दहा मिनिटं ठेवून सरासरी घ्यावी. पुढे हा प्लॉट उपग्रहाच्या मोजणीशी जोडायचा झाला तर हे उपयोगी पडतं. उदाहरणार्थ, आंतरराष्ट्रीय अवकाशस्थानकावरच्या जेडी या लायडारचा (लेझरने जंगलाची उंची मोजणाऱ्या यंत्राचा) जमिनीवरचा ठसा २५ मीटर व्यासाचा असतो. त्यात दहा मीटरची चूक म्हणजे भलतीच झाडं.

१२ जानेवारी. व्यास

मोजणी सुरू. उंची १.३० मीटर, काठी लावूनच. अंदाजाने "छातीएवढं" धरलं की पट्टी धरणारा बदलला की उंचीही बदलते. उतारावर काही नियमावल्या १.३० मीटर चढाच्या बाजूने मोजायला सांगतात, काही उताराच्या बाजूने. कोणतीही एक पाळा, पण ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा. पाच वर्षांनी मोजायला येणारा दुसराच कोणी असेल.

पट्टी खोडाच्या अक्षाला काटकोनात हवी. झुकलेल्या झाडावर ती जमिनीला समांतर धरायची सवय लागते आणि व्यास जास्त येतो. वेली असतील तर उचलून पट्टी खालून सरकवायची. वेल कापायची नाही. शेवाळ आणि वाळवीची माती हाताने पुसून काढायची. साल खरवडायची नाही.

पहिल्या संध्याकाळी वही चाळताना एका चौकटीत सगळी झाडं अवाढव्य दिसली. तिथे व्यासाची पट्टी ओली झाली म्हणून साधी टेप वापरली होती, आणि रकान्यात परीघ जसाच्या तसा उतरला होता. परीघ हा व्यास समजला गेला तर व्यास ३.१४ पट होतो, आणि सूत्रात व्यासाचा घात जवळपास २ असल्यामुळे जैवभार ९.३ पट. सगळी चौकट चुकली तर लगेच लक्षात येते. दोनशे झाडांत अशी तीनच असली तर नजरेतून निसटतात. आता वहीत दोन वेगळे रकाने आहेत, व्यास आणि परीघ, आणि त्यातला एकच भरायचा. भागाकार घरी संगणक करेल.

बिल्ला मोजणीच्या जागेपासून ३० सेंटीमीटर वर, म्हणजे १.६० मीटरवर. खिळ्यामुळे आजूबाजूचं खोड फुगतं, म्हणून तो मोजणीच्या रेषेवर नको. खिळा पूर्ण ठोकू नये, निदान अर्धा बाहेर ठेवावा, नाहीतर झाड वाढताना बिल्ला गिळून टाकतं. मोजणीच्या जागी रंगाची बारीक रेघ मारायची.

ही रेघ का, त्याचा हिशोब: ४० सेंटीमीटर व्यास, २५ मीटर उंची, ०.६ घनता (ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर) असलेलं झाड जवळपास १,२६८ किलो भरतं. पुढच्या मोजणीत पट्टी जरा खाली लागली आणि व्यास अर्ध्या सेंटीमीटरने जास्त आला, तर ३१ किलो "वाढ" कागदावर तयार होते. घनदाट छताखालच्या बऱ्याच झाडांचा व्यास वर्षाला जेमतेम दोन-चार मिलिमीटर वाढतो. रेघ नसेल तर खरी वाढ आणि पट्टीची हालचाल वेगळी करता येत नाही.

१६ जानेवारी. आधारमुळं: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

मोठ्या झाडांची आधारमुळं फळ्यांसारखी दोन-तीन मीटर वर चढलेली असतात. १.३० मीटरवर पट्टी लावली तर ती फळ्यांच्या कडांवरून ताणली जाते आणि मधली हवाही मोजली जाते. एका झाडावर मुद्दाम दोन्ही मोजमापं घेतली. फळ्यांवरून १४० सेंटीमीटर, त्यांच्या वर ९०. उंची आणि घनता तीच ठेवली तरी जैवभारात २.४ पटींचा फरक पडतो.

नियम: आधारमुळं जिथे खोडात विरतात त्याच्या ५० सेंटीमीटर वर मोजायचं, आणि मोजणीची उंची वेगळ्या रकान्यात लिहायची. ही उंची लिहिलेली नसली तर पुढच्या मोजणीला ते झाड जवळजवळ निरुपयोगी. शिडी लावताना एकाने खाली धरून उभं राहायचं, पट्टीचं टोक दोरीला बांधून खोडाभोवती फिरवायचं. शिडी पोचत नसेल तर खोडावर मोजणीच्या पातळीला ठरावीक लांबीची पट्टी धरून लांबून दोन दिशांनी फोटो काढायचे आणि फोटोवरून व्यास काढायचा. पद्धतीचा संकेतांक नोंदवायचा: पट्टी, शिडी की फोटो. "अंदाजे" हाही संकेतांक आहे, तो लिहायला संकोचू नये.

आधारमुळं वर्षागणिक वर सरकतात. पुढच्या मोजणीला जुनी जागा बिघडलेली असेल तर त्या वेळी जुन्या आणि नव्या दोन्ही जागांचा व्यास घ्यायचा. नुसती जागा वर नेली तर झाड बारीक झाल्यासारखं दिसतं.

एवढा खटाटोप मोठ्या झाडांसाठीच का, हे तुकडीला एकदा आकड्यांत दाखवावं. १०० सेंटीमीटर व्यासाचं, ४० मीटर उंच, ०.६ घनतेचं झाड सुमारे १२ टन. १० सेंटीमीटर व्यासाचं, १० मीटर उंच, त्याच घनतेचं झाड साडेचौतीस किलो. म्हणजे त्या एका झाडात लहान साडेतीनशे झाडं बसतात. दहा सेंटीमीटरचं एखादं रोप हद्दीत की बाहेर यावर वीस मिनिटं वाद घालायचा आणि महावृक्षाला एक मिनिट द्यायचं, हा उलटा हिशोब आहे. मोठ्या झाडांना प्रत्येकी अर्धा तास गेला तरी चालेल.

१९ जानेवारी. बहुखोडी झाडं, वेली, ताडवर्ग

१.३० मीटरच्या खाली फुटलेली खोडं वेगवेगळी मोजायची, क्रमांक एकच, पुढे अ, ब, क. जैवभार प्रत्येक खोडाचा स्वतंत्र काढून मग बेरीज. व्यासांची बेरीज करून सूत्रात घातली तर उत्तर भलतंच मोठं येतं.

ताड-माडांच्या वर्गातल्या झाडांना साधं सूत्र चालत नाही. त्यांचं खोड दुसऱ्या झाडांसारखं वर्षागणिक जाड होत नाही, ती उंच होत जातात. त्यामुळे व्यासावरून वजन कळत नाही. त्यांची खोडाची उंची मोजून त्या वर्गासाठीची वेगळी समीकरणं वापरावीत. बांबूचंही तसंच, काठ्या वेगळ्या मोजायच्या.

वेलींचा व्यास मुळापासून वेलीच्या लांबीवर १.३० मीटरला. एकच वेल तीनदा जमिनीला टेकून वर जाते, तेव्हा ती तीनदा मोजली जात नाही ना हे बघावं. जैवभारासाठी २००६ साली स्निट्झर आणि सहकाऱ्यांनी दिलेलं समीकरण वापरलं: व्यासाच्या नैसर्गिक लॉगला २.६५७ ने गुणा, त्यातून १.४८४ वजा करा, आणि ई चा (नैसर्गिक लॉगच्या पायाचा) तेवढा घात घ्या. उत्तर किलोत.

१० सेंटीमीटरपेक्षा बारीक झाडं एकाच २० × २० मीटरच्या चौकटीत मोजली. तिथली बेरीज २५ ने गुणायची. त्या चौकटीची निवडही चिठ्ठी टाकून करावी.

२१ जानेवारी. उलट तपासणी

दहा झाडांमागे एक या प्रमाणात झाडं पुन्हा मोजली. पट्टी धरणारा दुसरा, आधीची वही बंद. बहुतेक फरक दोन-तीन मिलिमीटरचे, दोन्ही दिशांना. ते चालतात, हजार झाडांत ते एकमेकांना खाऊन टाकतात. बघायचं असतं ते फरक एकाच बाजूला झुकतात का. एका जोडीचे जवळजवळ सगळे आकडे जास्त निघाले. पट्टी पाहिली तर तिचं टोक झिजून शून्याची खूण सरकलेली होती. त्या पट्टीने केलेली सगळी झाडं पुन्हा मोजली, आणि आता रोज सकाळी दोन्ही पट्ट्या शेजारी ठेवून जुळवतो. कोणती पट्टी वापरली हे वहीत लिहिलेलं होतं म्हणूनच झाडं शोधता आली.

२४ जानेवारी. उंची

सगळ्या झाडांची उंची मोजणं शक्य नाही आणि गरजही नाही. व्यासाच्या प्रत्येक गटातून, १० ते २०, २० ते ३०, ३० ते ४०, ४० ते ५० आणि त्यापुढे, निदान दहा-दहा झाडं घेऊन व्यास आणि उंचीचं नातं बसवायचं. नीट दिसणारी झाडंच निवडण्याचा मोह आवरायला हवा. ती बहुधा मोकळ्या जागेच्या कडेला असतात आणि व्यासाच्या मानाने बुटकी असतात. तुटक्या शेंड्याची झाडं या नात्यात घ्यायची नाहीत, पण त्यांची स्वतःची उंची मोजून ती तशीच सूत्रात वापरायची.

पद्धती दोन. स्पर्शज्येची: आडवं अंतर गुणिले वरच्या आणि खालच्या कोनांच्या स्पर्शज्यांची बेरीज. २५ मीटरवरून शेंडा ४२ अंशांवर, बुंधा ५ अंश खाली, तर उंची २४.७ मीटर. हिची अडचण पसरट छत्राची. तुमच्याकडे ५ मीटर पुढे आलेली फांदी शेंडा समजली गेली, तर २५ मीटरवरून डोळ्याच्या वरची उंची २५ टक्के जास्त निघते. जवळ उभं राहून ही चूक वाढते. निदान झाडाच्या उंचीएवढं मागे जायला हवं, आणि दाट जंगलात तेवढं मागे गेलं की शेंडाच दिसत नाही.

दुसरी ज्येची: लेझरने थेट शेंड्यापर्यंतचं तिरपं अंतर गुणिले कोनाची ज्या (साइन), आणि त्यात बुंध्याचा भाग. इथे फांदी पुढे आली तरी फुगवटा येत नाही. उलट लेझर वाटेतल्या पानावर आपटून परत येतो आणि उंची कमी येते. उपाय: जवळजवळ सरळ खालून, पानांच्या फटींतून बरेच शॉट घ्यायचे आणि सर्वांत मोठं वाचन ठेवायचं.

ज्या झाडांचा शेंडा दोन्ही पद्धतींनी मिळाला, त्यांवर तुलना केली. ज्येची पद्धत सातत्याने खाली, स्पर्शज्येची विखुरलेली आणि वरच्या बाजूला. आम्ही ज्येची धरली. तिचा कल एका दिशेचा आणि समजणारा आहे, स्पर्शज्येची चूक झाडागणिक बदलते. महत्त्वाचं इतकंच की अर्धी झाडं एका पद्धतीने आणि अर्धी दुसऱ्या पद्धतीने मोजून एका आलेखात टाकू नयेत.

व्यासापेक्षा उंचीचा परिणाम कमी आहे हे खरं: उंचीत १० टक्के चूक झाली तर जैवभारात पावणेदहा टक्के, व्यासात १० टक्के झाली तर २० टक्के. पण व्यासाची चूक झाडागणिक वेगळी असते. उंचीच्या नात्यातली चूक प्लॉटमधल्या प्रत्येक झाडाला एकाच दिशेने लागते.

२९ जानेवारी. लाकडाची घनता

जातीनिहाय घनतेसाठी २००९ चा जागतिक लाकूड-घनता संग्रह वापरला, त्यात सोळा हजारांहून जास्त नोंदी आहेत. जात सापडली नाही तर वंशाची सरासरी, तीही नसेल तर कुळाची, आणि अगदीच ओळख नसलेल्या झाडाला प्लॉटची सरासरी. कोणत्या झाडाला कोणत्या पातळीची घनता दिली हा रकाना ठेवावाच.

इथे एक खड्डा आहे. इमारती लाकडाच्या पुस्तकांत घनता बहुधा १२ टक्के आर्द्रतेची दिलेली असते. जैवभाराच्या सूत्राला हवी असते मूळ घनता: भट्टीत वाळवलेलं वजन भागिले ओल्या लाकडाचं आकारमान. १२ टक्क्यांच्या घनतेला ०.८२८ ने गुणलं की मूळ घनता मिळते. पुस्तकातले ७२० किलो प्रति घनमीटर म्हणजे सूत्रात ०.५९६, ०.७२ नव्हे. दुरुस्ती राहिली तर त्या जातीचा जैवभार २० टक्क्यांनी वाढतो. आमच्या यादीत काही जातींचे आकडे असेच पुस्तकातून आलेले होते. संग्रहातल्या त्याच वंशाच्या आकड्यांपेक्षा ते सगळे वर, म्हणून संशय आला.

जास्त जैवभार असलेल्या पण संग्रहात नसलेल्या जातींसाठी इन्क्रिमेंट बोररने, म्हणजे खोडात फिरवायच्या पोकळ गिरमिटाने, लाकडाच्या बारीक कांड्या काढल्या. प्लॉटमधल्या झाडांना भोक पाडू नये, त्याच जातीची झाडं बाहेर शोधावीत. बोररच्या आट्यांना मेण लावावं, प्रत्येक झाडानंतर स्पिरिटने पुसावं, आणि तो झाडात ठेवून जेवायला बसू नये. जड लाकूड त्याला आवळून धरतं. आमचा एक असाच अडकला आणि काढताना टोकाची धार गेली.

कांडी सालीपासून गाभ्यापर्यंत पूर्ण हवी. बऱ्याच उष्णकटिबंधीय झाडांत गाभ्याकडची आणि सालीकडची घनता वेगळी असते. त्रिज्येचा बाहेरचा अर्धा भाग खोडाच्या छेदाचा ७५ टक्के असतो, म्हणून कांडी तुकड्यांत कापून प्रत्येकाची घनता छेदाच्या क्षेत्रफळाच्या प्रमाणात वजन देऊन धरावी. साधी सरासरी घेतली की गाभ्याला नको इतकं महत्त्व मिळतं.

आकारमान पाण्यात: काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करायचं, आधी भिजवून पूर्ण ओली केलेली कांडी बारीक सुईने पाण्याखाली धरायची, तळाला किंवा काठाला टेकू द्यायची नाही. काट्यावर जेवढे ग्रॅम दिसतील तेवढे घनसेंटीमीटर. ५ मिलिमीटर जाड, ५ सेंटीमीटर लांब तुकड्याचं आकारमान जेमतेम १ घनसेंटीमीटर असतं. त्यामुळे ०.१ ग्रॅमचा काटा १० टक्क्यांची चूक देतो. पहिला गट याच कारणाने फेकून द्यावा लागला. ०.०१ ग्रॅमचा काटा हवा. मग १०५ अंश सेल्सिअसला वजन स्थिर होईपर्यंत भट्टीत, आणि सिलिका जेलच्या डब्यात थंड करून लगेच वजन. उघड्यावर थंड केलेलं लाकूड हवेतली ओल ओढून घेतं.

५ फेब्रुवारी. पडलेलं लाकूड

१०० मीटरची सरळ रेघ धरून तिला छेदणारा १० सेंटीमीटरहून जाड प्रत्येक ओंडका. व्यास छेदाच्या जागी, ओंडक्याच्या अक्षाला काटकोनात. व्हॅन वॅग्नर यांचं १९६८ चं सूत्र: पायचा वर्ग गुणिले व्यासांच्या वर्गांची बेरीज, भागिले रेघेच्या लांबीच्या आठपट. व्यास सेंटीमीटरमध्ये आणि लांबी मीटरमध्ये घेतली की उत्तर थेट घनमीटर प्रति हेक्टर. १२, १८, २५ आणि ४० सेंटीमीटरचे चार ओंडके आले तर ३३.२ घनमीटर. कुजण्याचे तीन वर्ग कोयत्याने ठरवले: पातं उडालं तर ठणठणीत, थोडं रुतलं तर मधला, शिरलं तर कुजका. तिन्हींची घनता वेगळी मोजावी. जिवंत लाकडाची घनता सगळ्यांना लावली तर मेलेल्या लाकडातला कार्बन फुगतो. उभी मेलेली झाडं रेघेवर मोजत नाहीत, ती प्लॉटच्या यादीत.

१२ फेब्रुवारी. सूत्र

शाव्ह आणि सहकाऱ्यांचं २०१४ चं समीकरण, ५८ ठिकाणच्या ४,००४ तोडून वजन केलेल्या झाडांवरून बसवलेलं: घनता गुणिले व्यासाचा वर्ग गुणिले उंची, त्याचा ०.९७६ घात, गुणिले ०.०६७३. घनता ग्रॅम प्रति घनसेंटीमीटर, व्यास सेंटीमीटर, उंची मीटर, उत्तर किलो.

ताळा करायला: ४० सेंटीमीटर, २५ मीटर, ०.६. कंसात २४,००० येतात, उत्तर १,२६८ किलो. आपल्या स्प्रेडशीटला हे उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका.

हेच समीकरण लॉग रूपात वापरणाऱ्यांनी एक बघावं. लॉगमधून परत येताना लागणारी दुरुस्ती ०.०६७३ या आकड्यात आधीच धरलेली आहे. स्थिरांक मूळचा उणे २.७६२, त्यात ०.३५७ च्या वर्गाचा अर्धा मिळवला की ०.०६७३ चा लॉग येतो. दुरुस्ती पुन्हा वेगळी केली की सगळा प्लॉट ६.६ टक्क्यांनी फुगतो. आमच्या दोन स्प्रेडशीटमधला फरक नेमका एवढाच निघाला आणि कारण सापडायला दोन दिवस लागले.

उंची मोजणं अजिबात शक्य नसेल तर त्याच अभ्यासातलं दुसरं समीकरण आहे, त्यात उंचीच्या जागी ई नावाचा हवामानाचा निर्देशांक येतो (लॉगच्या पायाचा ई वेगळा). तो तापमानाचा आणि पावसाचा हंगामी चढउतार आणि पाण्याची तूट यांवरून निघतो. पण त्याच पट्ट्यातलं खोलगट दरीतलं जंगल आणि वाऱ्याच्या कड्यावरचं जंगल यांना तो निर्देशांक सारखाच धरतो. आमच्याकडे उंची होती, तीच वापरली.

आर या संगणकभाषेतलं बायोमास हे पॅकेज नावं सुधारणं, घनता शोधणं, उंचीचं नातं आणि जैवभार हे सगळं करतं. उत्तर मात्र टनांत देतं. हाताने काढलेल्या किलोंच्या रकान्याशेजारी ते ठेवताना एकक लिहा.

आकडे भरल्यावर दोन आलेख काढले: व्यासाविरुद्ध उंची, आणि झाडांचा जैवभार मोठ्याकडून लहानाकडे. पहिल्यात दशांश चिन्ह हरवलेली झाडं वेगळी उभी दिसतात. दुसऱ्यातली पहिली वीस झाडं मूळ वहीशी एकेक करून पडताळली. सूत्र पोकळ खोड ओळखत नाही. ठोकून पोकळ वाटलेली झाडं आणि दुसऱ्या झाडाला वेढून वाढलेले, आतून रिकामे असलेले आवळवड शेऱ्यात लिहून ठेवावेत, म्हणजे आकडा कुठे जास्त असू शकतो ते कळतं.

१८ फेब्रुवारी. मुळं, कार्बन, कार्बन डायऑक्साइड

मुळं खणली नाहीत. आयपीसीसीच्या (संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीच्या) २००६ च्या मार्गदर्शिकेतलं उष्णकटिबंधीय वर्षावनाचं गुणोत्तर ०.३७ घेतलं, म्हणजे वर ३०० टन असतील तर खाली १११. पानगळीच्या आणि कोरड्या जंगलांसाठी गुणोत्तरं वेगळी आहेत, हे तिथे लावू नये. कार्बनचा अंश ०.४७. कार्बनवरून कार्बन डायऑक्साइड काढायला ४४ भागिले १२. वरच्या १,२६८ किलोंच्या झाडात ५९६ किलो कार्बन, म्हणजे जवळपास २,१८५ किलो कार्बन डायऑक्साइड. अहवालाच्या तक्त्यात तिन्ही शीर्षकं पूर्ण लिहा. "टन प्रति हेक्टर" एवढंच लिहिलेले तक्ते पाहिले आहेत. त्यातला आकडा जैवभाराचा, कार्बनचा की वायूचा हे कळायला मार्ग नसतो, आणि फरक जवळजवळ चौपटीपर्यंत जातो.

मातीचे नमुने ०–३० सेंटीमीटरचे, ज्ञात आकारमानाच्या कड्याने. हिशोब: स्थूल घनता (कोरड्या मातीचं वजन भागिले आकारमान) गुणिले कार्बनची टक्केवारी गुणिले खोली सेंटीमीटरमध्ये. १.१, २ टक्के आणि ३० घेतले तर ६६ टन कार्बन प्रति हेक्टर. दगड असतील तर त्यांचं आकारमान वजा करायला विसरू नये.

२४ फेब्रुवारी. अनिश्चितता

एकेका झाडाचा अंदाज बराच चुकतो, समीकरणाचा लॉग मापनातला विचलनांक ०.३५७ आहे. शेकडो झाडांच्या बेरजेत ही चूक पुष्कळ जिरते. जे जिरत नाही ते म्हणजे सगळ्यांना सामाईक असलेलं: उंचीचं नातं, एखाद्या जातीची घनता, समीकरणाची निवड. पहिल्या माँटे कार्लो गणनेत (शक्य आकडे यादृच्छिक उचलून तोच हिशोब पुन्हा पुन्हा करण्यात) प्रत्येक झाडाची घनता स्वतंत्र उचलली होती, आणि अनिश्चिततेचा पट्टा इतका अरुंद आला की विश्वास बसेना. एका जातीच्या सगळ्या झाडांना त्या फेरीत एकच घनता, आणि सगळ्या प्लॉटला त्या फेरीचं एकच उंचीचं नातं, असं केल्यावर पट्टा रुंद झाला. तोच अहवालात जाईल.

हा पट्टा या हेक्टरपुरता आहे. शेजारच्या जंगलाबद्दल तो काही सांगत नाही. एकाच हेक्टरच्या २५ चौकटी एकमेकींना चिकटलेल्या असतात, त्यांना २५ स्वतंत्र नमुने म्हणता येत नाही. सगळ्या जंगलाची सरासरी हवी असेल तर प्लॉट वाढवावे लागतात. प्लॉटांमधला फरक ३० टक्के असेल आणि अंदाज १० टक्क्यांच्या आत हवा असेल तर ढोबळमानाने ३६ प्लॉट. निधी मागतानाच हा हिशोब मांडावा.

२७ फेब्रुवारी. पुढच्या तुकडीसाठी ठेवलेलं

मूळ वह्यांचे स्कॅन, दुरुस्तीपूर्वीचा डेटा, दुरुस्त्यांची यादी कारणासह, प्रत्येक झाडाच्या मोजणीची उंची आणि पद्धत, चौकटींतल्या झाडांच्या जागांचा नकाशा, ओळख न पटलेल्या झाडांचे वाळवलेले नमुने बिल्ल्याच्या क्रमांकासह. कोपऱ्याचे पाइप जमिनीवर हातभर ठेवले आहेत, दर पावसाळ्यानंतर पालापाचोळा बाजूला करून बघायचे. रंगाची रेघ फिकट होते. पुढच्या मोजणीपर्यंत एकदा मधेच येऊन ती त्याच जागी पुन्हा मारावी लागेल, आणि त्या वेळी बिल्ला गिळायला आलेले खिळे थोडे बाहेर ओढून घ्यावेत.